मी नापास केलेल्या दोन दीर्घिका

टेबलावरचा फोटो मी उचलला, खिडकीपाशी नेला आणि न मागता निकाल देऊन टाकला. "माल खराब आहे. ग्रॅफाइटला शेपट्या फुटल्यात. अख्खा लॉट परत पाठवा."

वाळूजच्या एका फाउंड्रीत मी तपासणी खात्यात होतो. बिडाचा तुकडा घासूनपुसून मायक्रोस्कोपखाली धरायचा आणि पांढऱ्या लोखंडात ग्रॅफाइटच्या काळ्या गोळ्या नीट गोल आहेत की नाहीत ते बघायचं, हे माझं रोजचं काम. या फोटोतही पांढऱ्यावर काळं होतं. दोन गोळे एकमेकांत घुसलेले आणि दोन्हींना लांबलचक शेपट्या. असला माल मी जन्मात पास केला नसता.

तो माल म्हणजे दोन दीर्घिका होत्या, अब्जावधी ताऱ्यांच्या. खगोलवाले फोटो उलटा छापतात, आकाश पांढरं आणि तारे काळे, म्हणजे फिकट भाग नीट उठून दिसतो. हे मला बायकोनं सांगितलं, पदर तोंडाला लावून हसत. आणि तिच्याबरोबर हसला फोटो घेऊन आलेला पाहुणा. बायकोचं हसणं मला सवयीचं होतं. त्याचं नव्हतं.

पाहुणा तिचा एम.एस्सी.चा वर्गमित्र. त्यांचं पहिलं वर्ष चालू असताना मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचं पेटलं, विद्यापीठ बंद पडलं, कर्फ्यू लागला. सासऱ्यांनी घाबरून मुलीला घरी आणलं आणि माझ्याशी लग्न लावून दिलं. म्हणजे माझा संसार सुरू झाला तो तिचं शिक्षण मोडून. हा मात्र मोर्चात लाठ्या खाऊन परत आला, परीक्षा दिली आणि कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला लागला. पंधरा वर्षांनी तो पुंडलिकनगरात आमचं घर शोधत आला, कारण परदेशातल्या मित्रानं त्याला हे फोटो पाठवले होते आणि ते कळणारं माणूस त्याला हवं होतं.

तो तिला माहेरच्या आडनावानं हाक मारायचा, हजेरीत मारतात तशी. ते आडनाव मी लग्नपत्रिकेनंतर ऐकलं नव्हतं. आणि ती त्याला "तुम्ही" म्हणायची. मलाही "तुम्ही"च. त्यात नवऱ्याला काही सवलत नव्हती.

दुसरा फोटो अवकाशात सोडलेल्या दुर्बिणीतला होता. त्याच जोडीचा मधला भाग, आणि त्यात मिठाच्या खड्यांसारखे नव्या ताऱ्यांचे पुंजके.

"या दुर्बिणीची नजर जरा अधू निघाली," तो म्हणाला, "तरी जमिनीवरून दिसत नव्हतं ते हिनं दाखवलं."

दोन डोकी एका फोटोवर वाकलेली. माझी नजर शाबूत होती, मला सगळं स्वच्छ दिसत होतं.

शाळेत स्लाइड दाखवून व्याख्यान द्यायचं ठरलं. तो म्हणाला, "मी बोललो की पोरं जांभया देतात. तुम्ही बोला." बायकोनं क्षणभरही आढेवेढे घेतले नाहीत. माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या. भाजी करपली तरी तिला पत्ता नसायचा. मला भीती एकच होती, की हिला आता असं एक जग मिळतंय, ज्यात माझं काही कामच नाही.

त्यात देवगाव रंगारीहून माझे चुलते आले. नामांतराचं तेव्हा पुन्हा तापलं होतं. चहा बशीत ओतत त्यांनी विचारलं, "त्यो नामांतरवाला तुमच्या घरात येऊन बसतो व्हय रं? गावात लई बोलत्यात."

मी गप्प बसलो. गप्प बसलो ते बसलो, वर संध्याकाळी त्यांच्याच खांद्यावर बंदूक ठेवून मी माझं काम साधलं. बायकोला म्हणालो, "दिवस बरे नाहीत, बघवणार नाही. सध्या तू त्याच्याबरोबर स्टेजवर नको जाऊस."

"कोणाला बघवणार नाही? काकांना की तुम्हाला?"

"काकांना," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी उठून, गरज नसताना, स्कूटर पुसायला गेलो. नामांतराला माझा विरोध नव्हता, पण नको त्या वेळी मी विरोधकांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो, आणि तेही मत्सरापायी. आजही लाज वाटते.

व्याख्यानाला ती गेलीच. मीही गेलो, शेवटच्या रांगेत, एक प्रश्न घोटून. तिचं बोलणं झालं, टाळ्या झाल्या, तसा मी उभा राहिलो. त्या गृहस्थाला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडायचं, एवढाच हेतू. "सरांनी सांगावं. दोन दीर्घिका एकमेकींत घुसतात, तर तारे धडकत का नाहीत? आणि धडकत नसतील, तर नवे तारे येतात कुठून?"

तो हसला. "याचं उत्तर यांच्याकडूनच ऐका," म्हणाला आणि माईक तिच्याकडं सरकवला.

ती मुलांना म्हणाली, "सूर्य मोहरीएवढा धरा आणि पुंडलिकनगरात ठेवा. मग शेजारचा तारा म्हणजे दुसरी मोहरी, ती देवगाव रंगारीला! आता सांगा, धडकतील कशा? पण मधे वायूचे ढग असतात. ते एकमेकांना भिडतात, दाबले जातात आणि त्यातून नवे तारे जन्मतात. फोटोतले ठिपके तेच."

पोरांनी बाकं बडवली. तो टाळ्या वाजवत होता. मीही वाजवल्या, जरा उशिरा. पण खरं सांगतो, ती बोलत असताना माझा प्रश्न कोणाला पाडायला होता हेच मी विसरलो होतो.

परतताना ती स्कूटरवर मागं बसली, मांडीवर वह्या घेऊन. फाटकाशी उतरली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "पंधरा वर्षांत तुम्ही माझ्या विषयातलं पहिल्यांदा काही विचारलंत. अन् तेही त्यांना."