सिस्टर हेगर्टीनं घातलेलं पाणी

माझ्या आयुष्यातलं पहिलं पाप मी सहाव्या वर्षी केलं, आणि ते उकडलेल्या बटाट्याचं होतं. आम्ही मारवाडी जैन. दोंडाईच्यात माझ्या वडिलांचा, भिकमचंदजींचा, मिरचीचा व्यापार. घरात कांदा नाही, लसूण नाही, जमिनीखाली पिकणारं काहीच नाही. आणि आमच्याच माडीवरच्या खोलीत राहत होती नोरा हेगर्टी. तिच्या बापाच्या मुलखात म्हणे लोक बटाट्यावरच जगायचे.

स्टेशन रोडवरच्या प्रसूतिगृहात ती नर्स होती. गाव तिला सिस्टर म्हणायचं. खोली देताना माझ्या माँनं, प्रेमकुंवरनं, अट घातली, "मांस नाही, अंडं नाही." सिस्टर म्हणाली, "चालेल. मी बटाटे खाईन." माँ म्हणाली, "बटाटासुद्धा नाही." तेवढ्या एका वेळी सिस्टरचं तोंड उतरलं होतं, असं माँ हसून सांगायची. तरी ती राहिली. मग दवाखान्यात ज्या स्टोव्हवर सुया उकळायच्या, त्यावरच दुपारी दोन बटाटे शिजू लागले. त्यातलाच एक मीठ लावून मला मिळाला. तसा बटाटा मला पुन्हा कुठं खायला मिळाला नाही, आणि मी पुष्कळ शोधलाय.

तिचा बाप आयर्लंडमधल्या कॉर्क बंदराचा. जहाजावर फिटर होता. मुंबईला तापानं फणफणला म्हणून त्याला उतरवलं, जहाज निघून गेलं आणि हा राहिला. माझगावच्या गोदीत चिकटला, वसईच्या एका कॅथलिक मुलीशी लग्न केलं. त्यामुळे सिस्टरचं मराठी आईकडचं आणि राग बापाकडचा. रंग गोरा, नाकावर तपकिरी ठिपके. मिरचीच्या हंगामात ती सकाळपासून शिंकायची. "या गावानं माझं नाक खाल्लं," म्हणायची आणि पुन्हा शिंकायची.

तिला कुणी इंग्रज मडम म्हटलं की संपलंच. "इंग्रज नाही! आयरिश! आणि कॅथलिक!" दोंडाईच्यात हा फरक कुणाच्या डोक्यात शिरत नसे. एकट्या बेबाबाईला, दवाखान्यातल्या आयाला, तो पहिल्या फटक्यात कळला. "म्हंजे तुम्हनावर बी इंग्रजेस्नं राज व्हतं? मंग तुम्ही आम्हनाच शेतस ना!" 'तुम्ही आमच्याच' हे ऐकून सिस्टरनं त्या दिवशी बेबाबाईला स्वतःच्या हातानं चहा करून पाजला होता.

सतरा मार्चला, त्यांच्या कुठल्याशा मोठ्या संताच्या दिवशी, आयरिश लोक तीन पानांची एक डहाळी छातीवर लावतात. ती दोंडाईच्यात कुठली मिळायला? सिस्टर मेथीची तीन पानं टाचायची. माँला वाटायचं हे व्रत असावं. ती आदल्या दिवशीच जुडी आणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. आमच्याकडे चर्चही नव्हतं. महिन्यातून एकदा, शनिवारी, सिस्टर पॅसेंजरनं भुसावळला जायची आणि रविवारची प्रार्थना करून परतायची. उखर्डूचा टांगा दाराशी आला की त्याची हाक यायची, "चाला सिस्टरबाई, गाडी यी ऱ्हायनी!" परतताना ती माझ्यासाठी केक आणायची. त्यात अंडं असायचं, म्हणून तो मला नुसता हुंगायला मिळायचा. लहान मुलावर यापरता अन्याय मी पाहिलेला नाही.

आता माझ्या जन्माची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. सन एकसष्ट. मी सातव्या महिन्यातच आले. डॉक्टर धुळ्याला गेलेले. मी निळी पडलेली, रडेना, श्वास लागेना. सिस्टरनं मला कापसात गुंडाळलं, गरम पाण्याच्या बाटल्या दोन्ही बाजूंना ठेवल्या, तोंडानं फुंकर घालत राहिली. माँ अर्धवट शुद्धीत नवकार मंत्र म्हणत होती. तासाभरानं मी मांजराच्या पिलासारखा आवाज काढला. वडिलांनी त्या आठवड्यातच सिस्टरला माडीवरची खोली दिली, आणि पुढचे दोन महिने तिनं मला, म्हणजे कुसुमला, कापसातच सांभाळलं. एवढं आमच्या घरात प्रत्येकाला पाठ होतं. जे माहीत नव्हतं ते आम्हाला बारा वर्षांनी कळलं.

तोवर सिस्टरची माणसं एकेक करून देश सोडून गेली होती. आई-बाप वारले, भाऊ ऑस्ट्रेलियात गेला, धाकटी बहीण कॅथलीन थेट बापाच्या कॉर्कला जाऊन राहिली. तिची पत्रं यायची. खिडकीतून जहाजं दिसतात. टेकडीवर मोठं चर्च आहे, रोज सकाळी प्रार्थनेला जाता येतं. दुकानदारापासून पोस्टमनपर्यंत सगळे आपल्यातले. आपलं नाव कुणाला दोनदा सांगावं लागत नाही. हे वाक्य सिस्टर मला पुन्हा पुन्हा वाचून दाखवायची. त्र्याहत्तर साली ती पंचावन्नची झाली, नोकरी संपली. कॅथलीननं तिकीट पाठवलं. मी दोन दिवस जेवले नाही. तिनं माझी समजूत घातली नाही, कारण ती स्वतःच जेवत नव्हती.

जाण्याच्या चार दिवस आधीची दुपार. गच्चीवर माँ मुगाचे पापड वाळत घालत होती आणि मी ते उलटत होते. सिस्टर वर आली, चप्पल बाहेर काढून उन्हातच उभी राहिली.

"भाभी, तुमची एक वस्तू मी न विचारता घेतली होती."

"त्यात काय एवढं? वाटी असेल. ठेवा तुम्हालाच."

"वाटी नाही. कुसुम."

माँनं मान वर केली. सिस्टर एका दमात बोलत गेली. मी जन्मले तेव्हा मी मरणार, याबद्दल तिला शंकाच उरली नव्हती. त्यांच्या धर्मात बाळ मरायला टेकलं असेल तर कुणीही साध्या कॅथलिकानं पाणी घालून त्याचा बाप्तिस्मा करायचा असतो, नाहीतर ते देवाच्या दारातून परत फिरतं, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं. टेबलावर पेला होता. तिनं माझ्या टाळूवर तीनदा पाणी घातलं आणि ते शब्द म्हटले. आणि मग मी जगले.

"भुसावळच्या फादरना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, मूल आईबापांचंच आहे. तू गप्प राहा, तिच्यावर लक्ष ठेव, तिच्यासाठी प्रार्थना कर. मी बारा वर्षं ठेवलं लक्ष. आता चाललेय. तुमच्याशी खोटं वागून मला जाता येईना."

"म्हणजे माझी मुलगी किरिस्तांव?"

"आमच्या धर्माप्रमाणे... हो, भाभी."

माँनं अर्धे ओले पापड गोळा केले, माझा दंड धरला आणि मला खाली नेलं. त्या दिवशी मला दोनदा आंघोळ घातली गेली. माझी टाळू तर तिनं अशी घासली की रात्रभर झोंबत होती. वडिलांना ती काही बोलली नाही. बोलली असती तर सिस्टरचं सामान त्याच तासाला रस्त्यावर आलं असतं, आणि ते पाप तिला नको होतं. पण सिस्टरशीही ती बोलली नाही. तीन दिवस माडीवर चहा गेला नाही. जिन्यात दोघी समोरासमोर आल्या की माँ भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. मला मात्र कसलाच राग आला नव्हता. माझ्यावर कुणी एवढा जीव टाकला होता, म्हणून मी मनातून फुशारलेच होते. बारा वर्षांच्या पोरीला धर्म काय कळतो? मला आजही त्या पाण्याचा राग येत नाही, हे सांगून टाकते.

शनिवारी दुपारी टांगा आला. उखर्डूनं ट्रंक खाली आणून ओट्यावर ठेवली. सिस्टर पांढऱ्या साडीत, हातात पर्स, उंबऱ्याशी थांबली. कुणीतरी 'या' म्हणेल म्हणून थांबली होती, हे मलासुद्धा कळत होतं. वडील दुकानात. माँ स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली.

"ते पाणी काढून टाका आणि मग जा."

"ते निघत नाही, भाभी. एकदा घातलं की घातलं."

"नाव काय ठेवलं होतं तिचं?"

"ब्रिजिड. माझ्या आजीचं."

"मग तिला त्या नावानं हाक कधी मारली नाही?"

"नाही. प्रार्थनेतसुद्धा तोंडात कुसुमच येतं."

माँ ओट्यावर मटकन बसली. तिला रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. आजी गेली तेव्हाही ती रडली नव्हती. "मी तिला सातच महिने पोटात ठेवलं," ती म्हणाली. "पुढचे दोन तुम्ही कापसात ठेवलं. तीन दिवस मी हाच हिशेब करतेय, सिस्टर, आणि दर वेळी तुम्ही तिची निम्मी आई निघता."

"भाभी, मला माफ—"

"माफ नाही करणार. मी मरेपर्यंत नाही करणार. तिकडं बसून लक्ष ठेवणार होतात होय? हिचं लग्न व्हायचंय, हिची बाळंतपणं व्हायचीयत. ती कोण करणार, तुमचं ते चर्च?"

बाहेरून उखर्डू ओरडला, "आते काय करू, सिस्टरबाई? ट्रंक चढावू का नको?"

माँच उठली. ट्रंकेचं एक कडं तिनं स्वतः धरलं आणि उखर्डूला दुसरं धरायची खूण केली.

"अहो भाभी, तिकीट आहे... कॅथलीन वाट बघतेय... मला विचाराल तरी!"

"पाणी घालताना तुम्ही विचारलं होतं का मला?" माँ म्हणाली आणि ट्रंक घेऊन जिना चढू लागली.