मीठ बघता का, वहिनी?

"सोपं आहे हो, वहिनी," असं म्हणत आमच्या शेजाऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, की समजायचं, काम अवघड आहे. आमचं वॉशिंग मशीन बंद पडलं तेव्हा ते हेच म्हणाले. मग दोन तास फरशीवर पालथे पडून राहिले आणि मशीन सुरू करूनच उठले. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दुसऱ्याचं अवघड त्यांना खरोखरच सोपं वाटतं.

सन दोन हजार तीन. परदेशात, आंग मो किओच्या वसाहतीत आम्ही एकाच कॉरिडॉरमध्ये राहत होतो, सहाव्या मजल्यावर. लिफ्ट पाचव्यालाच थांबायची, पुढे एक जिना चढायचा. माझा नवरा रॅफल्स प्लेसला बँकेत होता, ते जवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात इंजिनिअर. त्यांना मूलबाळ नव्हतं. बायको माझ्याहून लहान, मला ताई म्हणायची. बोलण्यावरून दोघं मराठवाड्याकडची वाटायची. हॉलमध्ये बुद्धाची पांढरी मूर्ती होती. आडनाव कळल्यावर मी पुढे काही विचारलं नाही. आमच्याकडे न विचारण्यालाच सभ्यपणा म्हणतात.

शेजारच्या चिनी आजीला ती मूर्ती बघून फार आनंद झाला होता. पण त्यांच्या स्वयंपाकघरातून वास आला तशी ती दारात येऊन उभी राहिली. कुठल्याशा देवीच्या भक्तीपायी तिने बीफ कधीच सोडलं होतं.

"यू बुद्धिस्ट, स्टिल ईट बीफ आह?"

"आंटी, सेम बुद्धा," ते म्हणाले, "डिफरंट स्टमक."

हसता हसता आजीचे डोळेच मिटले. तेव्हापासून ती त्यांना संत्री द्यायची.

त्या वर्षी बायकोच्या पोटाचं दुखणं निघालं. ऑपरेशन करायचं ठरलं, पण त्याआधी अंगात ताकद हवी, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती अगदी वाळून गेली होती. भाकरी उतरत नव्हती, भात नको म्हणायची. तोवर चहापलीकडे काही न केलेला हा माणूस सूप करायला लागला. राजम्याच्या डब्यावरच्या कागदावर कृती छापलेली होती. त्यांनी तो कागद भिजवून अलगद सोडवला आणि ओट्यामागच्या फरशीला चिकटवला.

"त्यावर 'ईझी' लिहिलंय, वहिनी. म्हणजे सोपंच असणार."

कांदा, लसूण, मोठ्याचा, म्हणजे बीफचा खिमा, डब्यातला राजमा, टोमॅटो. सगळं शिजलं की वरून मूठभर किसलेलं चीज. कागदावर अर्धी वाटी लिहिलेलं, ते दोन वाट्या घालायचे. "तेवढंच तिच्या अंगी लागेल," म्हणायचे. मग ते सगळं मिक्सरमधून काढायचं, कारण तिला चावायचेसुद्धा कष्ट व्हायचे. पहिल्या दिवशी मिक्सरचं झाकण उडालं आणि छताला लाल ठिपके पडले. ती पलंगावर बसून पोट धरून हसली. खूप दिवसांनी.

"ताई, लहानपणी घरी मोठ्याचं असलं की आई त्यात घेवडा टाकायची," ती मला म्हणाली. "तसंच लागतं हे. फक्त हे चीज तेवढं साहेबी."

एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं. ते नीट झालं, असं सगळे म्हणाले. तिला पातळ काही द्यायला हरकत नाही असं सांगितल्यावर त्यांनी सकाळीच सूप चढवलं आणि थोड्या वेळाने माझी बेल वाजवली. हातात चमचा, चमच्याखाली दुसऱ्या हाताचा तळवा.

"वहिनी, मीठ बघता का? मी हॉस्टेलवर वाढलो, मला कमी-जास्त कळतच नाही. ते तिचं खातं."

मी अर्धं पाऊल मागे सरकले. मुद्दाम नाही. पाय आपसूक मागे गेला.

"भाऊ, आमच्याकडे... चालत नाही."

त्यांनी एकदा चमच्याकडे पाहिलं. "हो हो. विसरलोच मी. सोपं आहे हो, मी बघतो."

आणि ते कॉरिडॉरमधून परत गेले. चमचा तसाच धरलेला, सांडू नये म्हणून हळूहळू चालत.

त्याच आठवड्यात सार्सच्या साथीमुळे दवाखान्यांत भेटायला जाणं बंद झालं. फाटकाशी टेबल मांडलेलं असायचं. तिथे ताप मोजायचे, डबा ठेवून घ्यायचे, माणसाला परत पाठवायचे. ते रोज डब्यावर तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवून कामाच्या आधी जायचे. ती वॉर्डातून फोन करायची. जिन्यात भेटले की ते मला सांगायचे, "काल अळणी झालं म्हणाली. आज दोन चमचे टाकलं." दुसऱ्या दिवशी, "खारट झालं म्हणते. पण खाल्लं हो तिने."

मी हसायचे. डाळीच्या पाण्याचा डबा मीही देऊ शकले असते. नुसतं त्यांच्या ओट्याशी उभं राहून, किती सुपाला किती मीठ, हे सांगू शकले असते. त्याला चाखावं लागत नाही. हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं.

मग तिला ताप भरला. जखमेत पू झाला होता. पण त्या दिवसांत ताप म्हटलं की आधी वेगळ्या खोलीत हलवायचे. फोन बंद झाला. डबा न उघडताच परत येऊ लागला. तरी ते रोज नवा करून नेत होते. चौथ्या दिवशी त्यांना आत बोलावलं. का बोलावलं, हे त्यांना कळलं होतं.

संध्याकाळी ती गेली. ते जिन्याच्या पायरीवर बसलेले मला दिसले. मी दोन पायऱ्या खाली उभी राहिले.

"झगा, टोपी, चष्मा, मास्क, सगळं घालून सोडलं," ते म्हणाले. "तिने ओळखलंच नाही, वहिनी. मला डॉक्टर समजली. म्हणाली, माझ्या मिस्टरांना आत सोडा ना. मी नाव सांगितलं माझं. स्वतःच्या बायकोला. तीनदा सांगितलं. ती म्हणाली, हो, तेच. त्यांनाच सोडा."

त्या दोन पायऱ्या मी चढले नाही.

दोनेक आठवडे गेले. एका रविवारी दुपारी कॉरिडॉरमध्ये तोच वास आला. मी दार न लावताच गेले. ते ओट्याशी उभे होते, पातेलं काठोकाठ भरलेलं.

"सवयीने हात चालले, केलं," ते म्हणाले.

"द्या भाऊ. मी बघते मीठ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"राहू द्या, वहिनी. तुम्हाला चालत नाही."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यांनी गॅस बंद केला, स्वयंपाकघरातल्या कचरा थेट तळमजल्यावर सोडणाऱ्या झडपेचं झाकण उघडलं आणि पातेलं तिथे उपडं केलं. सहा मजले खाली जाताना त्याचा आवाज येत राहिला. मग त्यांनी पातेलं घासायला घेतलं. मी घरी आले.

जुलैत ते घर सोडून गेले. सांगून गेले नाहीत. मी बाजारातून आले तेव्हा त्यांच्या जाळीच्या दाराला नवं कुलूप होतं, आणि खिडकीतून रिकाम्या हॉलची फरशी दिसत होती.

चिनी आजी हातात संत्र्यांची पिशवी घेऊन तिथेच उभी होती.

"युअर फ्रेंड, गो होम ऑलरेडी?"

"येस, आंटी. इंडिया."

"इंडिया व्हेअर?"

चार वर्षं आमची दारं एकाच कॉरिडॉरमध्ये होती, आणि त्यांचं गाव कोणतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.