ताडपत्रीखालची सवत

माझी सवत लोखंडाची होती. हे आता रिटायर होऊन शिरूरजवळच्या आमच्या मळ्यात शेवंतीला पाणी देतात, तरी तिचं नाव निघालं की माझं डोकं फिरतं.

फौजेतली, चाकांऐवजी लोखंडी पट्ट्यांवर चालणारी, रणगाडे फोडणारी चेनची गाडी होती ती, आणि हे तिच्यावर मिसाईल चालवायचे. सुट्टीवर आले की यांच्या तोंडी तीच. एकदा तर जेवतानाच सुरू झाले. वाटी म्हणजे शत्रूचा रणगाडा, भाकरीचा तुकडा म्हणजे बांध, आणि बांधाआड बटाट्याची फोड म्हणजे ती.

"समोरासमोर भिडायचं न्हाई. हिचं चिलखत पातळ हाय गं. आडोशाला दबा धरायचा, मिसाईल सोडायचं, आन् लागलं की लगीच जागा बदलायची."

पातळ म्हणताना आवाज असा हळवा झाला, की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तापानं फणफणले होते तेव्हा नुसतं "गोळी घे" म्हणाले होते.

"मिसाईलला मागनं बारीक तार असती, तिच्यातनंच ते निशाणाकडं वळवायचं. लागंपतूर निशाणावरनं नजर काढायची न्हाई. पापणीसुदिक लवू द्यायची न्हाई."

"मला बघितलंय का तुम्ही कवा एवढा येळ?"

हे हसले आणि बटाट्याची फोड खाऊन टाकली. तेवढंच मला बरं वाटलं.

मग एका हिवाळ्यात फौज सरहद्दीकडे निघाली. यांचा शेजारच्या दुकानात फोन आला: आमची रेल्वेगाडी दौंडला थांबंल, इंजिन दुसऱ्या टोकाला लावत्यात, तेवढ्यात ये. मी नवी साडी नेसले, शेवंतीची वेणी माळली, जेवणाचा डबा घेतला आणि एसटीनं दौंड गाठलं.

फलाटाच्या टोकाला रेल्वेच्या उघड्या डब्यावर ती ताडपत्रीचा पदर घेऊन बसली होती. आणि हे माझ्याकडे पाठ करून तिच्या दोरीची गाठ ओढून बघत होते! वेणीकडे लक्षच नाही. मी जेवणाचा डबा यांच्या हातात कोंबला.

"तिलाच जपा."

"व्हय, जपतो," म्हणाले.

शिट्टी झाली, गाडी हलली. तेव्हा हे त्याच उघड्या डब्यावर, तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. हात हलवला नाही. नुसते माझ्याकडे बघत राहिले, दूर जाताना, पार ठिपक्याएवढे होईपर्यंत.

माझे डोळे भरून आले, आणि पापणी माझीच लवली.