रिमोटचा कागद

१४ डिसेंबर १९९७, रविवार. काम एकच: दिरांनी अमेरिकेहून पाठवलेला रिमोट स्टार्टर आमच्या जुन्या गाडीला बसवून घ्यायचा. घरात बसून बटण दाबलं की अंगणात गाडी सुरू, एवढंच त्याचं कौतुक.

वायरिंगवाला भाऊ नऊला आला. पेटी खाली ठेवली आणि नेहमीसारखा आधी हात पुढे केला. "कागद काय सांगस, ताई?"

तो मूळचा धुळ्याकडचा, शिक्षण चौथी. तो जळगावात होता तोवर निम्म्या गावाचे दिवे-हॉर्न त्याच्या हातचे. पण नव्या वस्तूचा कागद कुणाकडून बठ्ठा, म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत, वाचून घेतल्याशिवाय वायरीला हात लावत नसे. एकदा कोर्टातल्या कारकुनाला त्याने टेपरेकॉर्डरचा कागद वाचायला तासभर उन्हात उभं केलं होतं. ऐकलेलं खडूने चित्रं काढून लक्षात ठेवी.

मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून माझ्या वाचण्यावर त्याचा फार भरोसा.

"पेपर तपासल्यासारखं वाचू नकोस," आमचे हे म्हणाले. "मार्क द्यायचे नाहीत."

"मार्क त गाडी देस, साहेब," भाऊ म्हणाला आणि फरशीवर खडूने बॅटरीचं चित्र काढू लागला.

मी वाचत गेले, तो एकेक वायर जोडत गेला. दुपारी दोनला शेवटच्या पानावर बारीक अक्षरातली ओळ दिसली: हात-गिअरच्या गाडीला हे बसवू नये, गाडी गिअरमध्ये असली तर उडी घेईल. आमची गाडी हात-गिअरचीच, अंगणाला उतार, हँडब्रेक नावाला. गाडी कायम गिअरमध्येच उभी. पण वायरी जोडून झाल्या होत्या, दिरांचा सायंकाळी फोन यायचा होता. कंपन्या घाबरून काहीही लिहितात, असं मनात म्हटलं आणि पान मिटलं.

"बठ्ठं झालं?"

"झालं."

बॉनेट उघडं ठेवून तो गाडी आणि कुंपणाच्या भिंतीमध्ये उभा राहिला. "दाबा, ताई."

मी बटण दाबलं.

गाडीने हिसका देऊन त्याला भिंतीशी दाबलं आणि बंद पडली. चाकाखाली दगड होता म्हणून गुडघ्यावर निभावलं. ह्यांनी आणि मी गाडी मागे लोटली. तो खाली बसला, पँट वर करून पाहिली, परत खाली केली.

"अरे, गिअर बघायला नको?" हे ओरडले. "एवढी वर्षं काम करतोस."

"हां साहेब." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी कागद बठ्ठा ऐका, तरी चुकनू."

मी कागदाची घडी घातली. त्याने बसवलेलं सगळं सोडवलं, स्टार्टरचा डबा माझ्या हातात दिला आणि लंगडत फाटकाबाहेर गेला. मजुरी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या तासाची रजा टाकली. मोठ्या अक्षरात मराठीत ती ओळ लिहिली. खाली लिहिलं: ही मी पाहिली होती, तुम्हाला वाचून दाखवली नाही. चूक माझी. सही केली.

भाऊच्या दुकानाचं शटर बंद होतं. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "भाऊ पहिल्या गाडीने धुळ्याला गेला, बहिणीकडे. पाय सुजला होता. कामाचं आता बघू म्हणे."

मी कागद शटरखालून आत सरकवला. अर्धा बाहेर राहिला होता, तो पायाने ढकलला, आणि दुसऱ्या तासाला वर्गावर गेले.