बोटीतली चौथी जागा

दिवाळे गावाच्या कोळीवाड्यातल्या बायजाबाईने बेलापूरच्या बाजारात अडतीस वर्षं मासे विकले, पण आपल्या हाताने एक मासा कधी पकडला नाही. गिऱ्हाइकाला हे सांगायची काय गरज? पापलेटाचा कल्ला उचलून ती ठणकावून सांगायची, "डोळा बग त्याचा! रातीच पकडलाय, आमच्याच होडीचा." खाडीच्या पुलापलीकडच्या टॉवरमधल्या बायकासुद्धा तिच्याशी घासाघीस करायला जरा बिचकायच्या.

होडी तिच्या नवऱ्याची, हिराजीची. मासेमारीला निघालेल्या होडीत बाईने बसायचं नाही, बाई बसली की जाळं रिकामं येतं, असा त्यांच्या घरचा नियम. हा नियम केला कुणी, कधी केला, कुणाला ठाऊक नव्हतं, पण मोडायची छाती कुणाची नव्हती. हिराजी निघताना दारातून एकच वाक्य टाकायचा, "मना यायला उशीर होईल." पुढचं सगळं, म्हणजे वाट बघणं, बायजाबाईकडे. गुडघे गेले तेव्हा त्याने होडी विकली; बायजाबाई दुसऱ्यांच्या होडीचा मासा घेऊन बाजारात बसत राहिली, आणि नवराबायको पहिल्यांदाच दोन्ही वेळा एकत्र जेवू लागली.

मुलगा निशांत न्हावा शेवा बंदरातल्या एका कस्टम एजंटाकडे कामाला होता. सहा वर्षांपूर्वी तो कॅनडात गेला, बायको क्षिप्रा आणि दोन वर्षांच्या लेकीला घेऊन. यंदा आईबाबांचा व्हिसा झाला, आणि एका रविवारी सकाळी त्याने व्हिडिओ कॉल लावला. तिकडे शनिवारची संध्याकाळ होती.

"बाबा, जुलैत आपण सगळे फिशिंगला जायचं. केबिन बघून ठेवलीय."

"तुमच्याकडं तर नुसता गहू," हिराजी म्हणाला. "गव्हात मासं लागतात काय रं?"

"गव्हाची शेतं इथे खाली, दक्षिणेला. उत्तरेला गाडीने सहा तास गेलं की तळीच तळी. बोट भाड्याने घ्यायची, गळ टाकायचा. प्रत्येकाचं लायसन काढावं लागतं. मोठा मासा लागला तर फोटो काढायचा आणि परत सोडून द्यायचा. खायला दोन-चार छोटे ठेवायचे."

"धरायचा आनि सोडायचा? तेवड्यासाठी लायसन?" हिराजीने कपाळावर हात मारला.

निशांतने फोटो दाखवला. सोनेरी अंगाचा, लांबट मासा. बायजाबाईने चष्मा पुसला, फोन जवळ घेतला आणि फटकन निकाल दिला. "शिळा हाय. दोन दिवसांचा. डोळा बग, पार पांढरा पडलाय."

आठ वर्षांची नात ईश्वरी मधे घुसली. "आजी, तो जिवंत आहे! वॉलाय म्हणतात त्याला. त्याचे डोळे असेच असतात. पाण्यातून वर येताना चमकतात. तू पकडलेल्या माशांचे नाही चमकत?"

टोपलीत पडलेले मासे बायजाबाईने लाखांनी पाहिले होते. पाण्यातून वर येणारा एकही नाही.

निशांत आपल्या नादात होता. "बोट चौघांची आहे. मी, क्षिप्रा, ईश्वरी आणि बाबा. बाबा, तुमच्या पासपोर्टचा फोटो पाठवा, लायसनसाठी. आई, तू केबिनमध्ये मस्त आराम कर. आम्ही मासे आणतो, तू तुझं कालवण कर. मसाला मात्र भरपूर आण हं!"

आराम म्हणे! कालवण काय आपोआप होतं? पण बायजाबाई "हां" म्हणाली आणि फोन ठेवला.

तो आठवडा तिच्या वाटेला कुणी जाऊ नये असा गेला. बाजारात तिने एका चांगल्या गिऱ्हाइकाला हाकललं. कुणी विचारलं, "मावशी, ताजा आहे ना?" तर नेहमीचं "रातीच पकडलाय" तोंडातून निघेना. घरी चार किलो मसाला डब्यात भरून तयार होता. तो तिने उचलून माळ्यावर टाकला. रागही येत होता आणि रागाची लाजही वाटत होती. या वयात बोटीत बसायचा हट्ट करायचा? लोक हसतील. हसू देत, असं शनिवारी तिने ठरवलं.

रविवारी निशांतचा कॉल लागला तशी ती फोनसमोर जाऊन बसली.

"निशांत, लायसन माजं काढ. मना बोटीत बसायचं हाय."

"अगं आई, जागा चारच आहेत. नियम आहे इकडचा."

"म्हाईत हाय. चार वेळा सांगितलंस."

हिराजी मागून गरजला, "येडी झालीस काय गो? बाई बसल्यावर मासा लागतो काय?"

बायजाबाई गर्रकन वळली. "मोठा लागला तर सोडूनच द्यायचा हाय ना? मंग माज्या पायगुनानं नाय लागला, तर कुनाचं काय गेलं?"

फोनमध्ये क्षिप्रा खुदकन हसली. बायजाबाई थांबली नाही. "अडतीस वर्सं तुज्या माशांची शपथ घेऊन पोट भरलं. मासा वर कसा येतो ते मना एकदा बगायचं हाय. एकदाच."

हिराजी गुडघ्यावर हात ठेवून उठला आणि भिंतीला धरत आत गेला. राग आला असणार, बायजाबाईला वाटलं. आतून स्टूल सरकल्याचा आवाज आला. माळ्यावरचा मसाल्याचा डबा छातीशी धरून तो बाहेर आला, आणि फोनकडे न बघता बोलला.

"निशांत, तिथला गॅस मना पेटवता येईल ना?"

"येईल बाबा."

"बरं." मग तो बायकोकडे वळला. "कालवनाला मसाला किती टाकतात, ते सांगून ठेव."

बायजाबाईने पदराने डोळे पुसले, नाक पुसलं.

"दोन चमचे," ती म्हणाली. "आनि घाई नको करूस. मना यायला उशीर होईल."