मोरांच्या ताटावरची माकडं

वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा उजवा हात, उजवा पाय आणि वाचा हे सगळं एकदमच गेलं. पाठोपाठ जेवणावरची वासना गेली. औषधं आपलं काम करतील, पण पोटात अन्न गेलं नाही तर त्यांचाही उपयोग नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. तालमीत घाम गाळलेला, तांब्याभर दूध उभ्या उभ्या रिचवणारा माणूस चतकोर भाकरीवर आला होता. मला ते बघवत नव्हतं.

नव्वदच्या दशकाची अखेर असेल. हवापालट म्हणून आम्ही त्यांना जोतिबाच्या पायथ्याला आमच्या रानात नेलं. तिथं त्यांनीच हौसेनं बांधलेल्या दोन खोल्या होत्या आणि पुढं ओसरीसारखा सोपा. मी कोल्हापुरात कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होतो, त्यामुळं सकाळी रानातली कामं उरकून स्कूटरला किक मारायची, असा दिनक्रम बसला.

एका सकाळी आईनं पोरकिडे लागलेली ज्वारी अंगणापलीकडं फेकली आणि ती टिपायला एक मोर आणि दोन लांडोरी आल्या. सोप्यावर आई वडिलांना भरवत होती. तेवढ्यात डोंगरातली माकडं उतरली, मोर उडाले, आणि मी अंघोळीच्या टॉवेलवरच काठी घेऊन धावलो. उसाच्या पाचटात पाय अडकून सपशेल आडवा झालो. टॉवेल सावरत परत आलो तर वडिलांनी अख्खी भाकरी संपवलेली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मोराचा पायगुण, ती म्हणाली. एका निरीक्षणावरून नियम काढू नये, असं मी वर्गात दरवर्षी घसा ताणून सांगायचो, पण त्या दिवशी मलाही पायगुण एकदम पटला.

मोर आले तर वडील जेवणार, आणि माकडं आली तर मोर येणार नाहीत. म्हणजे माकडं हटवायची. इतकं सोपं गणित होतं.

आधी गोफण आणली. पहिला दगड मागं गेला आणि न्हाणीघराच्या कौलावर बसला. मग फटाके लावले. माकडं दोन दिवस बिचकली, तिसऱ्या दिवशी आवाज झाला की जेवण वाढलं असं समजून वेळेवर येऊ लागली. पक्ष्यांना तिखट लागत नाही असं कुठंतरी वाचलं होतं म्हणून ज्वारीत मिरचीपूड कालवली. घरची कांडलेली, चांगली झणझणीत. वारा कुठल्या दिशेनं आहे हे बघायचं राहून गेलं. मी डोळे चोळत रांजणाकडं धावलो तेव्हा माकडं आंब्यावर बसून शांतपणे बघत होती. सोप्यावर मात्र भाकरी जात होती, त्यामुळं माझी उमेद काही खचत नव्हती.

त्यात आईचा शनिवार. शनिवार मारुतीचा, त्या दिवशी माकडावर हात उगारायचा नाही. नुसता उगारायचा नाही एवढंच नव्हे, तर ती स्वतः त्यांना फुटाणे आणि गूळ घालायची. आठवडाभर मी ज्यांच्याशी लढायचो ते शत्रू शनिवारी आमच्या अंगणात पाहुणचार झोडायचे. मी एकदा कुरकुर केली तर तिनं मलाच ताट नेऊन ठेवायला लावलं. वाकून ताट ठेवताना त्यांच्यातल्या म्होरक्यानं माझा चष्मा नेला. तो परत मिळवायला गुळाची अख्खी ढेप गेली. त्या दिवशी वडिलांनी दीड भाकरी खाल्ली.

रविवारी मात्र घोडं अडायचं. रविवारी डोंगरावर जोतिबाला गर्दी, भाविक माकडांना खोबरं घालतात, त्यामुळं माकडं तिकडं. इकडं मोर निवांत नाचून जायचे आणि वडील घास फिरवत बसायचे. याचं कारण आम्हाला पाठ होतं. जोतिबाच्या पायथ्याला राहून रविवारी मटण शिजवणारं आमचंच घर असावं, आणि डॉक्टरांनी वडिलांना तांबडा रस्सा बंद केलेला. शेजारच्या खोलीत रस्सा उकळतोय आणि आपल्यापुढं मुगाची आमटी, मग कुठला कोल्हापूरकर जेवेल? ते रुसलेत यावर घरात कुणाचं दुमत नव्हतं. मी तर कनवाळूपणानं रविवारचं मटणच बंद करून टाकलं. तरीही ते जेवले नाहीत. तेव्हा वास अजून भिंतींना आहे, असं ठरलं.

शेवटी मी माझं शास्त्र पणाला लावलं. उद्यमनगरातून उंच लोखंडी पाइप आणला, तो झाडांपासून लांब अंगणात रोवला, त्याच्या डोक्यावर दाण्यांचं ताट बसवलं आणि ताटाखाली पत्र्याचं मोठं नरसाळं उलटं अडकवलं. मोर उडून वर बसणार, माकड पाइपवरून चढून पत्र्याखाली अडकणार. आणि खरोखर तसंच झालं. माकडं चढली, पत्र्याला डोकं आपटून उतरली, दोन-तीन दिवस खाली बसून माझ्याकडं रागानं बघत राहिली आणि मग यायचीच बंद झाली. मोर ताटावर येऊन डौलात टिपू लागले. मी सोप्यावर खुर्ची टाकून चहा पीत बसू लागलो. आयुष्यात केलेला एक प्रयोग यशस्वी झाला होता.

वडिलांनी जेवण सोडलं.

पहिल्या दिवशी अर्धी, मग चतकोर, मग नुसतं ताक. आम्ही त्यांची खुर्ची मोरांच्या आणखी जवळ नेली. ते मान फिरवून आंब्याकडं बघत बसायचे. मी घाबरलो. आता काही हे फार दिवस काढत नाहीत, असंही मनात येऊन गेलं. मी त्यांच्यापुढं उकिडवा बसलो आणि विचारलं, मोर आलेत की, मग का जेवत नाही? त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग चांगला असलेला डावा हात हळूहळू उचलला, बरगडीशी नेला आणि माकडासारखं कराकरा खाजवून दाखवलं. त्यानंतर त्याच हाताचं बोट माझ्या छातीवर टेकवलं आणि जमिनीकडं वळवलं.

मला काही कळेना. आईला कळलं.

"त्यास्नी मोर कशाला पायजेत?" ती म्हणाली. "तू माकडांच्या मागं पळतोस आन् पडतोस, ते बघायचं असतंय. जा, ते पत्र्याचं काढ आधी."

मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला. मग पाना घेऊन नरसाळं उतरवलं, ताट खाली जमिनीवर ठेवलं आणि त्यावर फुटाणे पसरले, वार शनिवार नसताना.

माकडं यायला दोन सकाळी गेल्या. तिसऱ्या सकाळी म्होरक्या आला. आई ताट घेऊन वडिलांपुढं बसली आणि तिनं मला डोळ्यांनी खुणावलं. मी काठी उचलली. आज मुद्दाम पडायचं, असं ठरवून निघालो होतो, पण तशी वेळच आली नाही. फुटाण्यांवरून पाय घसरला आणि मी आपोआपच पाठीवर आलो. म्होरक्या माझी काठी घेऊन आंब्यावर गेला.

पडल्या पडल्याच मान वळवून सोप्याकडं बघितलं. वडिलांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, खांदे हलत होते, घास गालात तसाच होता, आणि आई त्यांची पाठ चोळत म्हणत होती, "आधी गिळा, मग हसा."