कोवळी ज्वारी

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या गावचे नाही — एवढंच.

कोकणात आचऱ्याजवळ माझा मळा आहे. भात कापून झालं की त्यात मी गुरांसाठी वैरण पेरतो — दोन ओळी ज्वारी, मग एक ओळ चवळी. ज्वारीनं पोट भरतं, चवळीनं दूध वाढतं. पहिल्या वर्षी गाव हसलं. ज्वारी घाटावरची, आमच्याकडे ती कोण पेरणार? म्हणूनच कोवळी ज्वारी, त्यातून पाण्याविना सुकलेली, गुरांना विष असते हे इथं कोणाला ठाऊक नव्हतं. मला होतं. वैरणीचं शिकायला गेलो तिथे बजावलं होतं — फुलोऱ्याआधी घालू नका.

आमची रीत अशी, की कापणी झाली की गुरं मोकळी सोडायची. कुंपण घालणारा मी एकटाच शहाणा! शेजारच्या सुमनची गाय ते मोडून आत यायची. मी तणतणलो, तर म्हणाली, "काकानू, मुक्या जनावराक काय कळता?" खरंच होतं. पण मला झोंबलं.

मग पंप बिघडला. ज्वारी गुडघ्याएवढी, पानं वळलेली. माझी गुरं मी दावणीला बांधून ठेवली — काळजीनं, दोनदा गाठ बघून. आणि सुमनची गाय आत शिरली तेव्हा पडवीत चहा पीत बसून राहिलो. तिला हाकलायला किती वेळ लागला असता? म्हटलं, होऊ दे थोडी आजारी, घडेल अद्दल.

पण हे नाही — मला सांगायचंय ते पुढचं.

गाय सुमनच्या खळ्यात जाऊन कोसळली. शेजारी जमले, मीही गेलो. डॉक्टर आले तेव्हा तिचा श्वास चालू होता. त्यांनी विचारलं, "हिनं काय खाल्लं?" सुमन रडत म्हणाली, "माका म्हायत नाय." सगळे माझ्याकडे बघायला लागले — वैरणीतला जाणकार ना मी! ज्वारी, एवढा एक शब्द पुरला असता. त्यावर इंजेक्शन असतं, हेही मला शिकवलं होतं.

मी म्हणालो, "पान लागलं असेल. साप."

डॉक्टर खुरापासून दंश शोधत राहिले. गाय गेली.

"तू गायीचा दावा सोडलंस म्हणान मेली ती," सासू सुमनला अजून ऐकवते. कुंपणापलीकडून मलाही ऐकू येतं. लाज वाटते.

मागे राहिलेल्या वासरीला मीच वैरण देऊ केली. फुलोरा आल्यावर कापलेली, चवळीसकट, चांगली. तिची आता गाय झालीये. सुमन भारा न्यायला येते, मी तो तिच्या डोक्यावर चढवतो.

"काकानू, देव तुमचा बरा करो," ती दर वेळी म्हणते.

मी होय म्हणतो.